मदतनीस बंद केल्यावर: ‘सायलेंट हंटर ३’ हा पाणबुडीचा खेळ हाताने शिकण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका गृहस्थांचे आहे. त्यांचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील गाळले आहेत, आणि पुढे त्यांचा उल्लेख केवळ ‘खेळाडू’ असा केला आहे. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी भूमापनाची, आणि घरी अकरावीत शिकणारी मुलगी, एवढे सांगणे मात्र आवश्यक आहे, कारण या तिन्ही गोष्टींचा प्रकरणाशी थेट संबंध आहे.

१९६९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आणि २००१ मध्ये सेवेतून निवृत्त झालेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून पाहता येते. खेळाडू सहकुटुंब तेथे गेले होते आणि नियंत्रण कक्षातून वाकून जाताना त्यांना या विषयाची ओढ लागली. परत आल्यावर त्यांनी ‘सायलेंट हंटर ३’ हा युबिसॉफ्टचा २००५ मधील खेळ घेतला. खेळ जुना असला तरी पाणबुडीच्या खेळांत त्याचे स्थान आजही टिकून आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीचे नेतृत्व करायचे असते, आणि गस्तीचा बराचसा भाग अटलांटिक महासागरात जातो.

या खेळात खलाशी आपल्यासाठी किती कामे करतात, हे नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पेरिस्कोपमधून एखादे जहाज धरले की शस्त्र अधिकारी त्याचे अंतर, वेग आणि दिशा यांवरून टॉर्पेडोचा, म्हणजे पाण्याखालून जाणाऱ्या स्फोटक अस्त्राचा, नेम आपोआप जुळवतो, आणि खेळणाऱ्याने केवळ कळ दाबायची असते. नकाशावर प्रत्येक दिसलेले जहाज त्याच्या खऱ्या जागी, खऱ्या दिशेने सरकत राहते. पाण्याखाली असताना हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकण्याच्या यंत्रावर, बसलेला खलाशी आवाजाची दिशा सांगतो. टॉर्पेडो सुटल्यावर बाहेरून दिसणारे दृश्य उघडून तो कोठे गेला हेही पाहता येते. वास्तवतेच्या पर्यायांच्या यादीत यांतली बरीचशी मदत एकेक खूण करून काढून टाकता येते, आणि जितक्या खुणा अधिक तितकी वास्तवतेची टक्केवारी वाढते.

सुमारे आठ महिने खेळाडू सर्व मदत चालू ठेवून खेळले. त्यांनी पुष्कळ जहाजे बुडवली. मग एके दिवशी त्यांनी मला कळवले की आपण पाणबुडी चालवत नसून कोणीतरी चालवलेल्या पाणबुडीत बसून कळ दाबत आहोत, असे त्यांना वाटू लागले आहे. मी हा खेळ बरीच वर्षे खेळत असल्याने आणि आणखी दोघा-तिघांना शिकवलेला असल्याने त्यांनी मला सल्ला विचारला.

समस्या

माझे उत्तर जाण्यापूर्वीच त्यांनी एका बैठकीत यादीतील सर्व खुणा करून टाकल्या होत्या. नेम हाताने जुळवायचा, शस्त्र अधिकाऱ्याचे साहाय्य नाही, नकाशावर जहाजे उमटणार नाहीत, बाहेरचे दृश्य नाही, आणि त्यातच टॉर्पेडो निकामी निघण्याची शक्यता चालू. टक्केवारी शंभर झाली. पुढच्या गस्तीत ७-बी प्रकारच्या पाणबुडीवरील चौदाच्या चौदा टॉर्पेडो त्यांनी सोडले आणि त्यांपैकी केवळ एक लागला.

एक टॉर्पेडो चुकण्यामागे किमान पाच कारणे असू शकतात. जहाजाचा वेग चुकीचा मोजला गेला असेल, त्याची दिशा चुकली असेल, अंतर चुकले असेल, टॉर्पेडोची खोली जास्त ठेवली गेल्याने तो जहाजाखालून निघून गेला असेल, किंवा तो निकामीच असेल. खेळाडूंनी बाहेरचे दृश्यही बंद केलेले असल्याने टॉर्पेडो जहाजाच्या पुढून गेला की मागून, हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. मदत काढून टाकताना आपली चूक दाखवणारे साधनही त्यांनी काढून टाकले होते. त्यामुळे प्रत्येक चुकीनंतर ते वेगळ्याच गोष्टीला दोष देत. कधी खराब हवामान, कधी निकामी टॉर्पेडो. या दुसऱ्या शंकेला इतिहासाचा आधारही मिळत होता, कारण १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन टॉर्पेडोंच्या चुंबकीय स्फोटक यंत्रणेने आणि खोली राखण्याच्या यंत्रणेने खरोखरच दगा दिला होता.

या टप्प्यावर मी दिलेला सल्ला चुकीचा होता, आणि त्याची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते. मी त्यांना त्रिकोणमितीची सूत्रे आणि तयार कोष्टके पाठवली. खेळाडू गणितात पक्के असल्याने त्यांनी ती आनंदाने वापरली, आणि डोळ्याने अंदाजलेल्या कोनावर चार दशांश स्थानांपर्यंत आकडेमोड करून टॉर्पेडो सोडले. तेही चुकले. मोजमापच चुकीचे असताना मी त्यांना हिशेबाची साधने देत बसलो होतो.

पर्यायांचा विचार

त्यानंतर आम्ही दूरध्वनीवर दोन संध्याकाळी बसून पुढे काय करायचे याचा विचार केला. पहिला पर्याय सर्व मदत पुन्हा चालू करण्याचा होता. तो त्यांनी लगेच नाकारला. दुसरा पर्याय आहे तसेच चिकाटीने खेळत राहण्याचा होता आणि पुष्कळ खेळणारे हाच मार्ग धरतात. परंतु ज्या सरावात चूक कळत नाही, त्या सरावाने चूकच पक्की होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा पर्याय मदत एकेक करून काढण्याचा होता. येथे प्रश्न आला तो क्रमाचा. ‘जे सर्वांत खोटे ते आधी काढा’ असे पुष्कळजण सांगतात, आणि त्या न्यायाने नकाशावरची अचूक जहाजे सर्वप्रथम जायला हवीत, कारण कोणत्याही खऱ्या पाणबुडीवर असा सर्वज्ञ नकाशा नव्हता. तेथे नाविक अधिकारी मिळालेल्या दिशा आणि अंदाजी अंतरे कागदावर मांडत असे, आणि त्या मांडणीत चुका असतच. तरीही आम्ही नकाशा आधी न काढता बराच नंतर काढायचे ठरवले. खेळाडूंनी आपली मांडणी आधी टेबलावर आलेख कागदावर करायची, टॉर्पेडो सोडायचा, आणि नंतरच खेळातला नकाशा उघडून ताडून पाहायचे, असा नियम केला. सर्वज्ञ नकाशा ही मदत म्हणून खोटी असली, तरी उत्तरपत्रिका म्हणून तिच्याइतकी चांगली वस्तू त्या खेळात दुसरी नाही.

चौथा पर्याय मुलीने सुचवला. वडील एका हाताने पेरिस्कोप फिरवत, दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच दाबत आणि मधूनच कोनमापकाने कागदावर रेघा ओढत बसलेले पाहून ती म्हणाली, “बाबा, त्या पाणबुडीत एवढी माणसं होती ना? मग तुम्ही एकटेच का सगळं करताय?”

हा प्रश्न योग्य ठिकाणी लागला. मदत नाकारणे म्हणजे वास्तवाच्या जवळ जाणे, असे आम्ही दोघेही गृहीत धरत होतो. प्रत्यक्षात जर्मन पाणबुडीवर कमांडर पेरिस्कोपमधून पाहून आकडे मोठ्याने सांगत असे, आणि ते सीमेन्स कंपनीने बनवलेल्या नेमाच्या गणकयंत्रात भरण्याचे काम इतर जण करत. रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून हल्ला करताना तर नेम धरण्याचे काम बहुधा पहिल्या पहारा अधिकाऱ्याचे असे आणि कमांडर पाणबुडीच्या हालचालींवर लक्ष ठेवत असे. सर्व कामे एकाच माणसाने करणे हे शंभर टक्के वास्तवतेच्या पर्यायात बसते, पण खऱ्या पाणबुडीत बसले नसते. तेव्हा ठरले असे की यंत्राची मदत टप्प्याटप्प्याने काढायची आणि तिच्या जागी शक्य तेथे घरातले माणूस घ्यायचे.

केलेली कृती

सुरुवात नव्या सरावाने झाली नाही, तर जुन्या नोंदींनी झाली. खेळाडूंची एक सवय फार मोलाची ठरली. भूमापनातल्याप्रमाणे त्यांनी त्या अपयशी गस्तीची फील्डबुक, म्हणजे मोजणीची नोंदवही, ठेवली होती. प्रत्येक टॉर्पेडोच्या वेळी आपली दिशा, जहाजाचा दिगंश (ते ज्या दिशेला दिसते तो कोन), अंदाजलेले अंतर, वेग आणि परिणाम, असे सारे लिहिलेले होते. मुलीने ते स्वच्छ तक्त्यात उतरवून काढले आणि उतरवताना तिला एक गोष्ट दिसली, जी आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. जो एकमेव टॉर्पेडो लागला, त्या वेळी पाणबुडीची स्वतःची दिशा ००५ अंश, म्हणजे जवळजवळ सरळ उत्तर होती.

याचा अर्थ लागायला मला थोडा वेळ लागला. भूमापनात दिगंश उत्तरेपासून मोजतात. पेरिस्कोपवर दिसणारा आकडा मात्र पाणबुडीच्या नाळेपासून, म्हणजे तिच्या पुढच्या टोकापासून मोजलेला असतो. तीस वर्षांच्या सवयीने खेळाडू पेरिस्कोपवरचा आकडा उत्तरेपासूनचाच समजून कागदावर मांडत होते. पाणबुडी उत्तरेकडे तोंड करून असली की दोन्ही आकडे एकच होतात आणि नेम लागतो.

उदाहरण घेऊ. पाणबुडीची दिशा ०४० आहे आणि पेरिस्कोपवर जहाज ३३० वर दिसते. दोन्हींची बेरीज ३७० होते, त्यातून ३६० वजा केल्यावर खरा दिगंश ०१० येतो. जहाजावरून आपल्याकडे पाहिले तर त्याच्या उलट, म्हणजे १९०. जहाज १०० अंशांच्या दिशेने चालले असेल, तर त्याच्या नाळेपासून आपण उजवीकडे ९० अंशांवर आहोत. या कोनाला खेळणारे ‘अँगल ऑन बो’ म्हणतात आणि नेमाचा निम्मा भार त्यावर असतो. खेळाडू ३३० हाच खरा दिगंश धरत, त्यामुळे त्यांचा कोन ९० ऐवजी ५० यायचा. चुकीचे चाळीस अंश म्हणजे नेमकी त्यांच्या स्वतःच्या पाणबुडीची दिशा. जहाज ८ नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि टॉर्पेडो ३० नॉटवर असताना या चुकीने टॉर्पेडोची दिशा सुमारे पावणेचार अंशांनी बदलते, आणि दीड हजार मीटरवर तो सुमारे ९५ मीटर बाजूला जातो. मध्यावर नेम धरलेले १३० मीटर लांबीचे जहाज त्यातून सुखरूप निघून जाते.

सूचना देऊन ही सवय जाईना. अखेर मुलीने पुठ्ठ्याच्या दोन वर्तुळाकार चकत्या कापल्या, दोन्हींवर अंश आखले आणि मध्यभागी टाचणी लावून एकीवर एक बसवल्या. बाहेरची चकती उत्तरेची, आतली पाणबुडीची. आतली चकती आपल्या दिशेवर फिरवली की पेरिस्कोपवरच्या आकड्यासमोर खरा दिगंश आपोआप वाचता येतो. खऱ्या नौदलांतही अशा चकत्या वापरल्या जात, आणि इंग्रज व अमेरिकन पाणबुड्यांवर त्यांना ‘इज-वॉज’ असे नाव होते, हे मी त्यांना नंतर सांगितले. मुलीला ते आधी ठाऊक नव्हते.

यानंतर सराव सुरू झाला. टॉर्पेडो निकामी होण्याचा पर्याय बंद केला, बाहेरचे दृश्य चालू केले, आणि एकट्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांशिवाय इतर कशावरही टॉर्पेडो सोडायचा नाही असे ठरवले. शस्त्र अधिकाऱ्याची मदत मात्र पूर्णपणे बंद राहिली. पद्धत एकच ठेवली, जिला खेळणारे ‘फास्ट नाइंटी’ म्हणतात. जहाजाच्या मार्गाला काटकोन करून पाणबुडी उभी करायची. गणकयंत्रात पेरिस्कोप शून्यावर असताना कोन ९० भरायचा, वेग भरायचा, आणि मग टॉर्पेडो नळीतून सरळ, न वळता जाईल अशा ठिकाणी पेरिस्कोप आणून ठेवायचा. ८ नॉटचे जहाज आणि ३० नॉटचा टॉर्पेडो असेल, तर ही जागा शून्यापासून सुमारे १५ अंशांवर येते. जहाज डावीकडून उजवीकडे जात असेल तर ३४५ वर, उलट जात असेल तर ०१५ वर. त्यानंतर काहीही करायचे नसते. जहाज उभ्या रेघेत येण्याची वाट पाहायची आणि आले की टॉर्पेडो सोडायचा.

या पद्धतीत अंतराला जवळपास महत्त्वच उरत नाही. टॉर्पेडो वळणार नसल्याने अंतर नऊशे मीटर असो वा बाराशे, पुढे धरण्याचा कोन तोच राहतो. अंतर मोजण्यासाठी जहाज ओळखून त्याच्या डोलकाठीची उंची पाहणे, पाणरेषेवर आणि डोलकाठीच्या टोकावर खुणा जुळवणे, आणि लाटांमुळे पाणरेषाच दिसेनाशी झाल्यावर हताश होणे, हा सारा खटाटोप बाजूला पडतो. माझ्या मते खेळाडूंच्या शिक्षणातला सर्वांत मोठा निर्णय हाच होता. अचूक मोजायला शिकण्याऐवजी, जेथे कमी मोजावे लागेल अशी जागा घ्यायला ते शिकले.

उरला वेग. तो मोजण्याची जी रीत आम्ही निवडली, तिला ना अंतर लागते ना कोन. पाणबुडी थांबवायची, पेरिस्कोप एका जागी स्थिर ठेवायचा, जहाजाची नाळ उभ्या रेघेला लागली की स्टॉपवॉच सुरू करायचे आणि मागचे टोक रेघेतून बाहेर पडले की थांबवायचे. नाळ ज्या बिंदूतून गेली त्याच बिंदूतून मागचे टोक जाते, म्हणून तेवढ्या वेळात जहाजाने स्वतःच्या लांबीइतके अंतर कापलेले असते. १३४ मीटरचे जहाज ३५ सेकंदांत गेले, तर वेग सेकंदाला ३.८३ मीटर, म्हणजे सुमारे साडेसात नॉट. वडील पेरिस्कोपवरून “आता” म्हणत आणि मुलगी घड्याळ दाबे.

पहिल्या आठवड्यात त्यांचे वेग सातत्याने चुकत होते. ते घड्याळाला दोष देऊ लागले, तेव्हा आम्ही हिशेब केला. ८ नॉटवर १३४ मीटरला सुमारे ३२.५ सेकंद लागतात, म्हणजे दाबण्यात पूर्ण एक सेकंदाची चूक झाली तरी वेग पाव नॉटनेच बदलतो. पण जहाज ओळखण्यात चूक होऊन लांबी दहा टक्क्यांनी चुकली, तर वेगही तितकाच, म्हणजे जवळजवळ एक नॉटने चुकतो. शिवाय मोजताना पाणबुडी तिरप्या दिशेने ३ नॉटवर सरकत ठेवलेली असे, हेही निघाले. दोन्ही दुरुस्त्या झाल्या. खेळातल्या जहाज-ओळखीच्या पुस्तिकेचा अभ्यास मुलीने स्वतःकडे घेतला. धुरांड्याची जागा, पुलाची (जहाज जेथून चालवतात त्या मजल्याची) उंची, डोलकाठ्यांची संख्या यांवरून ती वडिलांपेक्षा लवकर जहाज ओळखू लागली. त्या पुस्तिकेत दिसणाऱ्या प्रकारच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशीही मोठ्या संख्येने असत, हे तिला कळल्यावर तिने एक दिवस खेळ थांबवला होता. वडिलांनी तिला पुन्हा बसण्याचा आग्रह केला नाही. चार दिवसांनी ती स्वतःहून आली, आणि त्यानंतर व्यापारी जहाज बुडाल्यावर त्यांच्या घरी जल्लोष होणे बंद झाले.

जवळ जाण्याचे महत्त्वही आकड्यांनीच पटले. ३० नॉटचा टॉर्पेडो नऊशे मीटर सुमारे ५८ सेकंदांत कापतो, आणि तेवढ्यात वेगाच्या एका नॉटच्या चुकीने जहाज ३० मीटरने पुढे-मागे होते. मध्यावर नेम असेल तर दोन नॉट चुकूनही टॉर्पेडो लागतो. अडीच हजार मीटरवर हीच एका नॉटची चूक ८३ मीटरची होते, आणि टॉर्पेडो वाया जातो. हे लिहून काढल्यावर खेळाडूंनी फील्डबुकच्या मुखपृष्ठावर ‘१००० मी. च्या आत’ असे लाल शाईने लिहिले.

तिसऱ्या महिन्यात हायड्रोफोन आला. पाणबुडी स्थिर ठेवून ठरावीक समान अंतराने तीन वेळा आवाजाची दिशा घेतली, तर जहाज कोणत्या दिशेने चालले आहे हे कळते, मात्र किती लांब आहे ते कळत नाही. त्यासाठी पाणबुडी दुसऱ्या जागी नेऊन चौथी दिशा घ्यावी लागते. भूमापन केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नाही. सगळ्या प्रकरणात हाच भाग त्यांनी माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केला, आणि त्याबद्दल येथे अधिक लिहिण्यासारखे नाही.

नकाशावरची जहाजे बंद करण्याचा दिवस आम्ही तारखेने ठरवला नव्हता. सलग दहा मांडण्यांत जहाजाची दिशा पाच अंशांच्या आत आली तर बंद करायचा, असा निकष होता. नवव्या वेळी चूक बारा अंशांची निघाली आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. खेळाडू त्या रात्री नाराज होते. पण निकष सैल करावा अशी मागणी त्यांनी केली नाही. नंतर बाहेरचे दृश्य बंद झाले, आणि सर्वांत शेवटी टॉर्पेडो निकामी होण्याचा पर्याय चालू झाला.

परिणाम

पाचव्या महिन्यात आयर्लंडच्या पश्चिमेला, जर्मन नौदलाच्या नकाशातील ‘एएम’ चौकटीत, त्यांना संरक्षक जहाजांसह चाललेल्या व्यापारी जहाजांचा ताफा सापडला. ताफ्यातील सर्व जहाजे एकाच वेगाने चालतात, म्हणून एकाच नीट ओळखलेल्या जहाजाचा वेग लांबूनच मोजला आणि पेरिस्कोप खाली घेतला. तीस-पस्तीस सेकंद पेरिस्कोप वर ठेवणे संरक्षक जहाजांच्या जवळ परवडत नाही, हे ते आधीच्या एका प्रयत्नात पाणबुडी गमावून शिकले होते. त्या संपूर्ण गस्तीत चौदापैकी सहा टॉर्पेडो लागले, दोन निकामी निघाले, आणि उरलेले सहा चुकले. चुकलेल्यांपैकी चार ताफा अचानक वळल्याने गेले, दोन त्यांनी मोहाने दोन हजार मीटरवरून सोडले होते. प्रत्येक चुकीचे कारण त्यांना सांगता आले, हे मला सहा अचूक नेमांइतकेच महत्त्वाचे वाटते.

मदत मात्र सगळीच काढलेली नाही. बॅटरी, हवा आणि इंधन यांच्या मर्यादा चालू आहेत, पण हायड्रोफोनवरचा खलाशी दिशा सांगतो, आणि खोली राखण्याचे काम पाणबुडीचे खलाशीच करतात. खऱ्या पाणबुडीवर ही माणसे होती, तेव्हा त्यांना कामावरून काढण्याचे कारण नाही, असे खेळाडूंचे म्हणणे आहे आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे.

खवळलेल्या समुद्रातला प्रश्न सुटलेला नाही. वारा सेकंदाला १५ मीटरवर गेला की पेरिस्कोप लाटांखाली जातो आणि नाळ रेघेला नेमकी केव्हा लागली ते दिसत नाही. अशा वेळी ते हल्ला सोडून देतात.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, मी त्यांची फील्डबुक मागायला हवी होती. सूत्रे पाठवण्यात गेलेले तीन आठवडे त्यामुळे वाचले असते, कारण उत्तर पहिल्याच पानांत होते. शिकवणाऱ्याने समोरच्याचे जुने प्रयत्न वाचण्यापूर्वी नवी साधने देऊ नयेत, हे मला पूर्वी माहीत असूनही मी पाळले नाही.

पाणबुडीची निवडही चुकली. ७-बी प्रकारची पाणबुडी लांबच्या गस्तीवर जाते, आणि खेळातला काळ वेगाने पुढे सरकवला तरी प्रत्यक्ष हल्ल्यापर्यंत पोहोचण्यात संध्याकाळ निघून जाते. खेळात १९३९ मध्ये सुरुवातीला मिळणारी लहान, २-ए प्रकारची पाणबुडी तीन नळ्या आणि पाच टॉर्पेडो घेऊन किनाऱ्याजवळच फिरते. तिच्यावर सराव केला असता तर तेवढ्याच दिवसांत दुप्पट प्रयत्न झाले असते. खेळाडूंना मोठी पाणबुडी सोडावीशी वाटत नव्हती आणि मी आग्रह धरला नाही.

मुलीवर मांडणी आणि जहाज-ओळख ही दोन्ही कामे सोपवली गेली, तेव्हा वडिलांचा या दोन्हींतला सराव थांबला, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. बारावीच्या परीक्षेमुळे ती दोन महिने बसू शकली नाही आणि त्या काळातल्या गस्तीत चौदापैकी तीनच टॉर्पेडो लागले. आठवड्यातून एकदा कामांची अदलाबदल केली असती, तर हे टळले असते. घरातल्या माणसाचीही सवय लागू शकते, जशी शस्त्र अधिकाऱ्याची लागली होती.

आता ती शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहते. रविवारी रात्री फोन चालू ठेवून दोघे खेळतात. प्रथम स्टॉपवॉच तिच्याकडे ठेवले होते, पण आवाज पोहोचण्यात होणारा उशीर दर वेळी सारखा नसल्याने वेग पाव ते अर्ध्या नॉटने हलू लागला. म्हणून घड्याळ वडिलांकडे आले, कागदावरची मांडणी तिच्याकडे राहिली, आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांची दुसरी जोडी त्यांनी तिला टपालाने पाठवली.